साहेबबाबाची ओटी

“इथं कोरं का सोडलंय, सोवनी?” दादासाहेबांनी तक्त्याच्या बुंध्यावर बोट टेकवलं.

टेबलावर वंशवृक्षाचा कच्चा तक्ता पसरला होता. कोपरे वर येऊ नयेत म्हणून एकीकडे अडकित्ता, एकीकडे टेलिफोनची डिरेक्टरी ठेवली होती. बुंध्यात मी लिहिलं होतं : जॉर्ज टिंडल, जन्म कॉर्नवॉल, इंग्लंड. त्यापुढे ‘मृत्यू’ एवढा शब्द, आणि मग काहीच नाही.

“तारीख सापडली नाही,” मी म्हणालो.

“अहो, माणूस इथं मेला, इथंच पुरला. आम्ही दरवर्षी त्याला चिरूट पेटवून देतो. आणि तुम्हाला तारीख सापडत नाही?”

मी चष्मा पुसला. उत्तर सुचलं नाही की मी चष्मा पुसतो. ही सवय अजून गेलेली नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा रुईघाटच्या नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो, पन्नाशीला आलेला. बंगलेकर हे गावातलं पहिलं घर. साखर कारखाना, नगरपालिका, बाजार समिती, सगळीकडे त्यांचा माणूस. आणि या घराचा मूळपुरुष गोरा होता. कुंदा नदीवरच्या जुन्या पुलाच्या बांधकामावर देखरेख करायला जॉर्ज टिंडल विलायतेहून आला. पूल झाला, बरोबरचे सगळे परत गेले, हा राहिला. नदीकाठी बंगला बांधला आणि नदीत नाव चालवणाऱ्या तरीवाल्यांच्या तान्हूबाईशी संसार केला. मुलं आईच्या वळणावर गेली, आईचे देव पुजू लागली. बंगल्यात राहणारे म्हणून बंगलेकर. हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट घरात कुणाचे डोळे घारे निघाले की पेढे वाटत.

येत्या पौषात पुलाच्या वर्धापनाचा समारंभ व्हायचा होता. त्यासाठी दादासाहेबांना दिवाणखान्यात लावायला छापील वंशवृक्ष हवा होता आणि एक छोटं पुस्तकही. दोन्ही कामं माझ्याकडे आली. का आली कोण जाणे. मला बोलता येत नाही म्हणून मी शोधतो बरा, असा लोकांचा समज होता. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘संकलन : मो. वि. सोवनी’. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पुठ्ठे चढवले होते. त्या कोपऱ्याकडे मी गरजेपेक्षा जास्त वेळा बघायचो, हे खरं.

“आणखी एक,” मी धीर करून म्हणालो. “आपल्या वडिलांच्या नावाखाली आईसाहेबांचं नाव आहे. पण त्यांची पहिली पत्नी होती, असं ऐकलं.”

“होती. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुढे फाटा नाही, मग झाडावर कशाला? गळलेली पानं कुणी चिकटवतं का, सोवनी?”

दादासाहेब स्वतःच्याच बोलण्यावर हसले. खिडकीशी झोपाळ्यावर त्यांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. सत्तरी कधीच ओलांडलेली, नऊवारी, डोळ्यांत मोतीबिंदूची साय. त्या हसल्या नाहीत. त्यांचा हात गळ्याशी गेला. पोवळ्यांच्या माळेखाली काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता, बाईचा आकार ठोकलेला. पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात तिचा असा टाक घालायची रीत होती. म्हणजे ती सवतीला छळत नाही म्हणे.

“तारखेचं काय करायचं?” दादासाहेबांनी पुन्हा विचारलं.

मग मी ते बोललो. मी क्वचितच आपणहून काही बोलतो, आणि बोललो की असं होतं.

“समाधीच्या मागच्या बाजूला, शेंदराखाली अक्षरं असावीत. परवा गेलो होतो. हाताला कडा लागतात.”

दादासाहेब उठून उभे राहिले. “अक्षरं? मग आजवर कुणी बोललं कसं नाही?”

मला कारण कळलेलं होतं, निदान तसं वाटत होतं. गावाबाहेरच्या जुन्या गोऱ्या दफनभूमीत एकच मोठी समाधी उरली होती. बंगलेकरांचा कुळाचार तिथं. लग्न झालं की लोक जोडप्याला कुलदैवताला नेतात, हे साहेबबाबाला, म्हणजे जॉर्ज टिंडलच्या या समाधीला, नेत. पुरुष समोर उभे राहून दगडावर ब्रँडी ओतत, चिरूट पेटवून ठेवत आणि निघत. पाच प्रदक्षिणा घालायच्या त्या फक्त नव्या सुनेनं. मागची बाजू दगडी गडग्याला लागून, मध्ये जेमतेम एका माणसाची वाट आणि घाणेरीचं रान. तिथं पुरुष कधी गेलेच नव्हते. प्रदक्षिणा झाल्या की सून साहेबबाबाची ओटी भरे, खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. ओटी बाईची भरतात, देवीची भरतात. चिरूट ओढणाऱ्या साहेबाची ओटी का? मी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

“झकास!” दादासाहेब म्हणाले. “उद्याचा दिवस सोडा, मी पुण्याला आहे. परवा सकाळी गुरवाला बोलावू. मागं मारुतीचं कवच काढलं होतं, तसं शेंदराचं कवच उतरवू. दगड स्वच्छ धुवायचा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तोच फोटो.”

“शेंदूर काढायचा नाही,” झोपाळ्यावरून आवाज आला.

“का, आईसाहेब?”

“कवच आपण होऊन गळतं. ओरबाडत नाहीत.”

“अहो, नुसती अक्षरं बघायचीत.”

“एवढी वर्षं अक्षरांवाचून अडलं होतं का तुझं?”

“मंत्री यायचेत समारंभाला,” दादासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हातारपण आहे, चालायचंच.

मी तक्त्याची गुंडाळी करून निघालो तेव्हा आईसाहेबांनी मला थांबवलं. मी कधीच मास्तर नव्हतो, पण त्या मला मास्तरच म्हणत.

“मास्तर, उद्या दुपारी मला तिथं घेऊन चला. गाडी सांगते मी. बोलणारं कुणी बरोबर नको.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला फाटकाबाहेर चिंचेखाली ठेवून आम्ही आत गेलो. त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. ऊन होतं, आणि दोघांच्याही चालण्यात काही दम नव्हता. वाटेत पडक्या थडग्यांवर शेळ्या चढल्या होत्या. समाधीपाशी आल्यावर त्या समोर थांबल्या नाहीत. पदर खोचून थेट मागच्या चिंचोळ्या वाटेत शिरल्या, घाणेरी हातानं बाजूला करत. त्या वाटेची त्यांच्या पायांना ओळख होती.

“या इकडे. अंग चोरा जरा. तुम्हाला काय सांगायला नको.”

मी अंग चोरून त्यांच्या मागे उभा राहिलो. समोर शेंदराचा फुगलेला थर. पाटावरवंटा झिजून गुळगुळीत होतो तसा गुळगुळीत.

“तुम्ही बोटानं चाचपलंत ना? काय लागलं?”

“एक ‘सी’ असावा. नक्की नाही. माझं काही नक्की नसतं.”

“सी-च आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे मिटले, हात जोडावेत तसे पोटाशी धरले आणि शाळेतल्या मुली कविता म्हणतात तशा एका लयीत म्हणू लागल्या :

“सेक्रेड टू द मेमरी ऑफ शार्लट. बिलव्हेड वाइफ ऑफ... नवऱ्याचं नाव विसरले बाई. त्यानं दुसरी केली असेल. हू डिपार्टेड धिस लाइफ ॲट रुईघाट, एज्ड नाइन्टीन इयर्स. ऑल्सो हर इन्फन्ट डॉटर.”

नऊवारीतल्या त्या बाईच्या तोंडून ते इंग्रजी ऐकताना मी खुळ्यासारखा उभा होतो. घारे डोळे, पेढे, चिरूट, ब्रँडी, पाच पिढ्या, आणि शेंदराखाली शार्लट, वय एकोणीस, आणि तिची तान्ही मुलगी.

“म्हणजे साहेबबाबा...”

“तो कुठं आहे कुणास ठाऊक. पटकी आली होती म्हणतात त्या साली. नदीकाठी कुठं तरी घातला असेल. तान्हूबाईला मयताला कोण जाऊ देणार होतं? तिला कोण सांगणार, कुठला दगड तुझ्या माणसाचा? पुढं पोरं मोठी झाली, चार पैसे आले, तेव्हा शोधला. सगळ्यांत उंच दगड तो आपला. या घराची रीतच आहे ती.”

“पण आपल्याला हे कधी...”

“लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्याच फेरीत दिसलं. माझ्या आधीच्या सुनांना अक्षरओळख नव्हती. मी मिशनच्या शाळेत चार यत्ता इंग्रजी शिकले होते. वडिलांना हौस. लग्नाआधी सासरी सांगितलं होतं, मुलीला वाचता येत नाही. नाही तर मोडलं असतं.” त्या किंचित हसल्या. “पाच फेऱ्या घालायच्या होत्या, म्हणून पुरं वाचून झालं. नाही तर एका फेरीत झालं नसतं.”

गडग्यावर त्या टेकल्या. मी उभाच राहिलो. बसायला जागा नव्हती, आणि असती तरी मला सुचलं नसतं.

“समोर हे सगळे उभे. सासरे ब्रँडी ओततायत. आणि माझ्या गळ्यात हा.” त्यांनी टाक वर धरला. “आदल्याच दिवशी घातला होता. मंजुळा. तीही एकोणीसचीच होती, मास्तर. तिच्याबरोबर गेली तीही मुलगीच. दोन बाया आणि दोन पोरी, आणि मी पंधराची. मला रडू कोसळलं. सासूबाई म्हणाल्या, माहेरची आठवण येतेय.”

“मग ओटी...”

“मी सुरू केली. म्हटलं, साहेबबाबा स्वप्नात आला, म्हणाला, सुनांनी माझी ओटी भरावी. स्वप्नाला कोण नाही म्हणतं? शेंदूरही माझाच. दर नवरात्रात. पुढच्या सुना शिकलेल्या यायला लागल्या, त्यांच्या आधी अक्षरं बुजायला हवी होती.”

“पण सांगितलं असतं तर?”

मला वाटतं मी हे ग्रंथपाल म्हणून विचारलं. चुकीच्या फडताळात पुस्तक असलं की मला झोप येत नाही.

“सांगितलं असतं तर काय झालं असतं? साहेबबाबा इथला नव्हे म्हटल्यावर एकही बंगलेकर इकडं फिरकला नसता. त्याचं काय, मास्तर, तो कुठंही असला तरी त्याच्यामागं सगळं घराणं आहे. हिच्यामागं कोण आहे? नवरा बोटीत बसून गेला. ही सवाष्ण, परमुलखात बाळंतपणात मेलेली. वर्षातून एखादी नवी पोर येते, हिच्याभोवती फिरते, हिरव्या बांगड्या ठेवते. उद्या तुमचा गुरव खरवडेल, दादा वाचेल आणि शरमेनं दुसरा एखादा दगड शोधील. हिच्यावर शेळ्या चढतील.”

त्यांनी पदरानं मानेवरचा घाम पुसला. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “मी थकले आता. यंदा शेंदूर लावायला हात वर होईना, सुनेकडून लावून घेतला. तुम्ही शिकलेले आहात. काही तरी कारण काढा आणि थांबवा.”

“मला खोटं बोलता येत नाही हो,” मी म्हणालो. “म्हणजे सज्जनपणामुळे नाही. जमतच नाही. त-त-प-प होतं.”

“मग नका बोलू,” त्या म्हणाल्या.

रात्रभर मी कारणं जुळवली. दगड मऊ आहे, शेंदराबरोबर पापुद्रा निघेल. मुहूर्त नाही. वर्धापनानंतर बघू. प्रत्येक वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वाक्यात माझा आवाज चोराचा लागला.

सकाळी बंगल्यावर गेलो तेव्हा गुरव पायरीवर तेलाचा डबा आणि लाकडी उलथनं घेऊन बसला होता. फोटोग्राफर चहा पीत होता. दादासाहेब जिन्यावरून खाली उतरत होते. आईसाहेब झोपाळ्यावर होत्या, पण झोपाळा हलत नव्हता.

“चला सोवनी! आज तुमची तारीख तुम्हाला देतो.”

“दगड उघडू नये,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“का?”

मऊ दगडाचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

“अहो, काय झालं? परवा तर तुम्हीच म्हणालात.”

“हो.”

“मग?”

“उघडू नये,” मी पुन्हा म्हणालो. 

दादासाहेब माझ्याकडे नीट बघू लागले. ते राजकारणातले. माणूस गप्प बसला की त्याच्या पोटात काय असेल हे ओळखण्यावर त्यांचं घर उभं होतं. त्यांनी मला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“तुम्ही काही वाचलंय.”

मी जमिनीकडे बघत राहिलो.

“बोटानं चाचपून वाचलंत, हो ना? म्हणून दोन दिवसांत पलटलात. भानगड आहे काही?” त्यांचा आवाज खाली आला. “त्याची विलायतेत बायको होती? लग्नाची? तिचं नाव आहे दगडावर?”

मी काही बोललो नाही. दगडावर बायको होती, हे तर खरंच होतं.

“हात् तिच्या,” दादासाहेब खुर्चीत बसले. “म्हणजे तान्हूबाई ठेवलेली. आणि आम्ही सगळे... चार महिन्यांवर निवडणूक आहे, सोवनी! ते बाजारपेठेतले विरोधक छापतील हे. मंत्र्यांच्या समोर फोटो काढणार होतो मी!”

मला हसावं की रडावं कळेना. एक खोटं, मी शब्दही न बोलता, माझ्यादेखत उभं राहिलं होतं आणि ते मला मोडता येत नव्हतं. मोडायचं म्हणजे शार्लटचं नाव घ्यायला हवं होतं.

“आणखी कुणाला ठाऊक आहे?”

मी मान हलवली. कशीही समजावी अशी.

“ठीक.” ते उठले, मग पुन्हा बसले, आणि माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघितलं. ती नजर मी ओळखली नाही, कारण त्याआधी तसं माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. “तुम्हाला काय हवंय?”

“मला?”

“अहो, संकोच नको. वाचनालयाला खोली बांधून हवी? मुलाचं काम आहे का कारखान्यात?”

मला मूलबाळ नव्हतं. हे त्यांना ठाऊक नसावं.  दारापलीकडे झोपाळ्याची कडी एकदा करकरली.

“मंजुळाबाईंचं नाव,” मी म्हणालो. “तक्त्यावर. तुमच्या वडिलांच्या नावाशेजारी.”

“कोण मंजुळाबाई?”

“वडिलांची पहिली पत्नी. आणि खाली एक मुलगी.”

त्यांना कळायला वेळ लागला. मग ते मोकळं हसले. “एवढंच? घाला की! तुम्ही पुस्तकी माणसं म्हणजे...”

बाहेर येऊन त्यांनी गुरवाला नारळ देऊन परत पाठवलं. “आईसाहेबांची इच्छा नाही,” ते मोठ्यानं म्हणाले. “मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही.” आईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. झोपाळा हळूहळू हलायला लागला.

तक्ता छापून आला तो समारंभाच्या आदल्या दिवशी. मला कुणी बोलावलं नव्हतं. पुस्तकाचं काम तर मध्येच एका वकिलाकडे गेलं होतं. दादासाहेब रस्त्यात भेटले की फार आदरानं नमस्कार करायचे आणि पटकन पुढे जायचे. पण समारंभानंतर आईसाहेबांनी गाडी पाठवली.

दिवाणखान्यात भिंतभर तक्ता होता, सोनेरी चौकटीत. उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाच्या जागी छापखान्यानं वेलबुट्टी घातली होती. मी थोडा वेळ त्या वेलबुट्टीकडे बघितलं. चांगली काढली होती.

“कुठं आहे?” आईसाहेब म्हणाल्या. “मला रंग दिसतात नुसते.”

मी त्यांचं बोट धरून काचेवर ठेवलं. “इथं. सौ. मंजुळा. खाली ‘कन्या’. नाव नव्हतं म्हणून नुसतं कन्या.”

त्या बोट तसंच ठेवून उभ्या राहिल्या. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली आणि विरली. मग त्यांनी मान वाकवली.

“गाठ सोडा जरा. माझे हात मागं जात नाहीत.”

“आईसाहेब, हे...”

“सोडा हो. फार वर्षं वागवलं हिला. तिला आता जागा मिळाली. मान दुखते माझी.”

काळा दोरा घामानं घट्ट झाला होता. मला गाठी सोडवायची सवय नाही. बराच वेळ लागला आणि त्या हलल्या नाहीत. टाक त्यांच्या तळहातावर पडला. झिजून त्यातल्या बाईचे नाकडोळे कधीच गेले होते.

“हिला तिच्याकडे ठेवून या,” त्या म्हणाल्या. “एकाच वयाच्या आहेत. दोघींना बोलायला होईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालय बंद असताना मी बाजारातून शेंदूर आणि गोडं तेल घेतलं. दुकानदारानं विचारलं, “मारुतीला का?” मी हो म्हणालो. ते मात्र जमलं. दफनभूमीत कुणी नव्हतं. समोर कुठल्याशा नव्या सुनेच्या हिरव्या बांगड्या आणि विझलेला चिरूट पडला होता. मी अंग चोरून मागच्या वाटेत गेलो. शार्लटचा ‘सी’ जिथं हाताला लागला होता तिथं ओल्या शेंदराचा गोळा बसवला, त्यात टाक दाबला आणि वरून हात फिरवत राहिलो, आकार दिसेनासा होईपर्यंत.

कुंदेच्या पाण्यात हात घासून घासून धुतले. चार वाजता वाचनालय उघडलं तेव्हा दारात माणसं उभी होती. मी पुस्तकं घेतली, दिली, पाठीमागच्या पुठ्ठ्यावरच्या कागदावर तारखा टाकल्या. संध्याकाळी एका बाईंनी कादंबरी परत माझ्यासमोर धरली.

“हे काय हो, सोवनी? तारखेवर शेंदूर?”

मी चष्मा काढला. काचेवरही बोट उमटलं होतं.